एस-६५ इंजिनाचे रॉड बेअरिंग: आवाज नसताना इंजिन का उघडायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दुबईत सेकंडहँड घेतलेली २००८ची बीएमडब्ल्यू ई-९२ एम-३, मीटरवर सव्वा लाख किलोमीटर, आधीच्या मालकाकडची सर्व्हिसची कागदपत्रं अर्धवट. इंजिन गुळगुळीत चालतंय, कुठला दिवा पेटलेला नाही, आणि तरी अल कूझमधला गॅरेजवाला म्हणतो की कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला धरतो तिथले दोन अर्धगोल शेल) बदलून घ्या. चालतं इंजिन उघडायचं कशाला, तो बिल वाढवतोय का, आणि उघडलंच तर काम नीट झालं हे कसं कळणार, असं तुम्ही विचारलंय.

तो बिल वाढवत नाहीये. कोल्हापूरला शिरोलीत क्रँक ग्राइंडिंगवर माझा हात बसला आणि आता इथे शारजात मी फक्त इंजिनांची कामं करतो. माझ्याकडे येणाऱ्या इंजिनांच्या यादीत तुमच्या गाडीतलं एस-६५ बरंच वर आहे. एस-६५ (आणि त्याचा मोठा भाऊ, ई-६० एम-५मधला व्ही-१० एस-८५) या इंजिनांत रॉड बेअरिंग हा मी ब्रेक पॅडसारखा झिजणारा भाग धरतो. कोरोलात तसं धरलं असतं तर लोक हसले असते. तिथे बेअरिंग इंजिनाइतकंच जगतं.

हा फरक कुठून येतो ते आधी बघू, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर आहे.

तुमचं इंजिन ८,४०० आरपीएमला जातं, म्हणजे सेकंदाला १४० फेरे. स्ट्रोक ७५.२ मिमी. पिस्टन वर टोकाला पोचून खाली वळतो त्या क्षणी त्याचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या साडेतीन हजार पटींहून जास्त असतो. पिस्टन, पिन, रिंगा मिळून अर्धा किलो धरा, तरी त्या क्षणी रॉडवर १,८०० किलोच्या आसपास ओढ येते. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या टोकाला वरून गॅसचा दाब नसतो, त्यामुळे ही सगळी ओढ रॉडच्या कॅपवर (खालून बोल्टने बसणारा अर्धा भाग), म्हणजे खालच्या शेलवर पडते. पॉवर स्ट्रोकला उलट: स्फोटाचा दणका वरच्या शेलवर. आणि क्रँक पिन (क्रँकचा जो गोल भाग रॉड धरतो तो) सुमारे ५२ मिमी जाडीची, म्हणजे तिचा पृष्ठभाग शेलवरून सेकंदाला जवळजवळ २३ मीटर वेगाने सरकतोय. या दोघांच्या मध्ये असतं फक्त ऑइल. पिन फिरताना ऑइलला आपल्याबरोबर ओढून पाचरीसारखं दाबते आणि त्या दाबावर तरंगते. पंपाचं काम तिथे ऑइल पोचवण्यापुरतं; भार तोलते ती ही पाचर. भार पडतो तिथे हा थर एखाद-दुसऱ्या मायक्रॉनवर येतो.

आता मोकळीक. आपल्या वर्कशॉपमधला जुना हिशोब तुम्ही ऐकला असेल: इंचाला एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ५२ मिमी म्हणजे दोन इंचांच्या किंचित वर, तेव्हा पिन आणि बेअरिंगमध्ये दोन थाऊ, म्हणजे ५० मायक्रॉन मोकळीक हवी. रेसचं इंजिन असेल तर त्याहून थोडी जास्त. एस-६५मध्ये कंपनीचे शेल लावून मोजलं की बहुतेक वेळा आकडा याच्या बराच खाली येतो. त्यात या इंजिनाला सांगितलेलं ऑइल १०डब्ल्यू-६०, म्हणजे बाजारातल्या जाडांत जाड ऑइलपैकी एक. घट्ट मोकळीक आणि जाड ऑइल ही जोडी गरम इंजिनात चालून जाते. थंड असताना त्या फटीतून ऑइलचा प्रवाह कमी होतो, आतलं ऑइल तिथेच घुसळून तापतं, आणि वर कोणी सहा हजारांवर नेलं की पाचर मोडते. बीएमडब्ल्यूने एस-६५साठी कधी रिकॉल काढला नाही. या कारणावर वाद घालणारेही आहेत. कोणी रॉडच्या भोकाच्या विकृतीकडे बोट दाखवतं, कोणी ऑइल बदलायच्या लांबलेल्या अंतराकडे. मी माझ्या बाकावर जे शेल बघितलेत त्यावरून मोकळीक हेच मूळ मानतो, बाकीच्या गोष्टी त्यात भर घालतात.

याआधीच्या ई-४६ एम-३ची गोष्ट मात्र कागदावर आहे. तिच्या ३.२ लिटरच्या सहा सिलिंडर एस-५४ इंजिनात सुरुवातीच्या वर्षांत रॉड बेअरिंग जायला लागले, तेव्हा कंपनीने २००१ ते २००३च्या गाड्या बोलावून शेल बदलून दिले. म्हणजे या घराण्यात हा आजार नवा नाही.

तुमची गाडी २००८ची, तेव्हा बहुधा आत जुन्या धाटणीचे शेल असतील, पार्ट नंबरच्या शेवटी ०८८/०८९ असणारे. ते पोलादी पाठीवर तांबं-शिशाचा थर आणि त्यावर पातळ करडा लेप अशा घडणीचे. युरोपीय संघाने २००० साली गाड्यांतल्या शिशावर निर्बंध आणणारा निर्देश काढला, त्यानंतर हळूहळू शिसं काढून टाकलं गेलं, आणि पुढच्या गाड्यांत ७०२/७०३ आले: पोलादावर ॲल्युमिनियम-कथिल, दोनच थर. हा फरक पोथीतला वाटेल, पण दोन जागी तो थेट उपयोगी पडतो. पहिली, ऑइलची लॅब टेस्ट. जुन्या शेलमध्ये झीज झाली की रिपोर्टात शिसं वाढतं, आणि लेप संपला की तांबं चढतं. नव्या शेलच्या गाडीत शिशाचा आकडा शून्य आला म्हणून कोणी पेढे वाटत असेल तर त्याला समजवा, तिथे शिसं नव्हतंच. कथिल आणि ॲल्युमिनियम बघा, आणि ॲल्युमिनियम पिस्टनकडूनही येतं हे धरून बघा. दुसरी जागा उघडल्यावरची, ती पुढे येतेच.

लॅब टेस्ट करा, पण तिच्यावर सगळं टाकू नका. नेहमीच्या स्पेक्ट्रोमीटरला साधारण पाच-दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण दिसत नाहीत. बेअरिंग हळूहळू झिजत असेल तर रिपोर्ट सांगेल. पापुद्रे सुटायला लागले तर ते फिल्टरमध्ये जाऊन बसतात आणि रिपोर्ट स्वच्छ येतो. म्हणून फिल्टर बघा. तुमच्या गाडीत कार्ट्रिज आहे, डबा कापावा लागत नाही. कागदाच्या घड्या सुट्या करून पांढऱ्या फडक्यावर पसरा, दुपारच्या उन्हात तिरक्या करून बघा. चकाकणारे बारीक तुकडे दिसले तर त्यांच्यावर चुंबक फिरवा. चिकटले तर ते पोलाद, कुठून तरी दुसरीकडून आलंय. चिकटले नाहीत तर बेअरिंगचा संशय धरा. तांबं, शिसं, कथिल, ॲल्युमिनियम यांतलं काहीही चुंबकाला लागत नाही.

आवाजाची वाट बघू असं तुम्ही लिहिलंय. ती बघू नका. रॉडचा ठोका, म्हणजे हलक्या थ्रॉटलला दोन-तीन हजारांच्या दरम्यान येणारी आणि पाय सोडताना जास्त ऐकू येणारी ती बोथट ठकठक, कानावर पडेपर्यंत शेलचा लेप गेलेला असतो आणि क्रँक पिनवर चरे पडलेले असतात. तिथून पुढे चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उघडून शेल बदलण्याचं काम संपतं. इंजिन उतरवायचं, क्रँक काढायचा, ग्राइंड करायचा, वरचा कडक थर गेला तर पुन्हा कडक करून घ्यायचा, आणि रॉड तपासायचे. बरेचदा हिशोब असा बसतो की दुसरं इंजिन शोधणं स्वस्त पडतं. आणि ठोका असताना "गॅरेजपर्यंत हळू हळू नेतो" म्हणणाऱ्यांची इंजिनं ब्लॉकला खिडकी पाडून माझ्याकडे आली आहेत. ठोका आला की चावी बंद, टोइंगला फोन.

तर मग कधी? सव्वा लाख किलोमीटर, इतिहास अर्धवट, जुने शेल: मी आत्ताच करा म्हणेन. पूर्ण इतिहास असलेली, वेळेवर ऑइल बदललेली, रिपोर्ट सपाट असलेली गाडी असती तर आणखी एक-दोन ऑइल बदल थांबून बघू म्हटलं असतं.

काम कसं होतं ते सांगतो, म्हणजे गॅरेजमध्ये कुठे उभं राहायचं ते कळेल. इंजिन गाडीतच राहतं. वरून आडव्या बारला टांगून धरायचं, खालून स्टिअरिंग रॅक मोकळा करून पुढचा सबफ्रेम (इंजिनाखालची चौकट) उतरवायचा, मग चेंबर निघतं. चार क्रँक पिन, प्रत्येकीवर दोन रॉड, एकूण आठ रॉड, सोळा शेल. प्लग काढून ठेवायचे म्हणजे क्रँक हाताने फिरतो. नीट केलं तर दोन-तीन दिवस. कोणी "सकाळी द्या, संध्याकाळी न्या" म्हणालं तर तो मोजमाप करणार नाही हे पक्कं समजा.

या गाडीत रॉड आणि कॅप वेगळे घडवलेले नाहीत. रॉड अख्खा फोर्ज करून मग तो मुद्दाम तडकवून दोन तुकडे करतात. तुटलेल्या तोंडांवर साखरेच्या खड्यासारखा दाणेदार पोत असतो आणि ती तोंडं फक्त एकमेकांतच बसतात, त्याच दिशेने. म्हणून एका वेळी एकच रॉड उघडायचा, कॅप तोंड वर करून ठेवायची, त्या दाण्यांवर कापड किंवा स्क्रेपर घासायचा नाही. गेल्या उन्हाळ्यात एक ई-६० एम-५ माझ्याकडे टोइंगवर आली. कुठल्याशा गॅरेजात शेल बदलून महिनाही झाला नव्हता. चेंबर काढलं तर शेजारच्या दोन रॉडच्या कॅप अदलाबदल झालेल्या. बोल्ट ओढून बसवलेले, तडकलेल्या तोंडावरचे दाणे चिरडून चकाकत होते, भोक लंबवर्तुळ झालेलं आणि नवे शेल एका बाजूने पॉलिश केल्यासारखे घासलेले. बाकी सगळं काम स्वच्छ होतं, गॅस्केटसुद्धा सुंदर लावलेलं.

जुने शेल निघाले की ते बघण्यात वेळ घाला. शिशाच्या शेलवर चांगला लेप एकसारखा राखाडी, मळकट दिसतो. मधोमध चकाकी आली की लेप पातळ होतोय. पिवळट-लालसर डाग म्हणजे तांबं उघडं पडलं. हे डाग एकाच कडेला सलग असतील तर पिन निमुळती झालीय किंवा रॉड वाकलाय, नुसते शेल बदलून भागणार नाही. आणि हीच ती दुसरी जागा: ॲल्युमिनियमच्या शेलमध्ये तांबं नसतंच, त्यामुळे "तांबं दिसत नाही, मस्त आहे" हे तिथे चालत नाही. तिथे ओरखडे, लोळलेला धातू आणि भिंतीची जाडी बघावी लागते.

आता मोजमाप, ज्याच्यासाठी मी एवढं लिहितोय. रॉड क्रँकवरच असताना त्याच्या भोकात बोअर गेज घालता येत नाही. म्हणून पिनचा व्यास मायक्रोमीटरने दोन जागी, दोन दिशांनी. शेलची जाडी गोल टोकाच्या मायक्रोमीटरने, तीही मधोमध, म्हणजे रॉडच्या रेषेत. शेलच्या कडा मुद्दाम पातळ केलेल्या असतात, तिथे मोजून काही कळत नाही. जुने आणि नवे दोन्ही मोजायचे आणि वहीत सिलिंडरच्या क्रमाने लिहायचं. शेवटी एका-दोन पिनांवर प्लास्टिगेज लावून पडताळा. प्लास्टिगेज म्हणजे मेणाची बारीक तार. ती चेपून किती रुंद झाली ते पट्टीशी जुळवायचं. अर्ध्या थाऊचा वाद तिच्यावर सोडवू नये, पण मोठी गफलत पकडते. या चाचणीला जुने बोल्ट वापरायचे. रॉडचे बोल्ट टॉर्कनंतर कोनात फिरवून ताणले जातात, एकदा ताणला की तो बोल्ट पुन्हा वापरायचा नाही. नवे बोल्ट फक्त शेवटच्या बांधणीला.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा एक मुद्दा युरोपातल्या लोकांच्या सूचनांत सापडणार नाही. पोलाद तापलं की वाढतं. ५२ मिमीची पिन २० अंशांनी जास्त गरम असेल तर ती १२ मायक्रॉननी जाड भरते. तुमची एकूण मोकळीकच ३०-५० मायक्रॉन. ऑगस्टमध्ये शेडमध्ये तापलेला क्रँक आणि एसी केबिनमधून आणलेला मायक्रोमीटर ही जोडी लावली की आकडे खोटे येणार. रात्रभर सगळं एकाच जागी ठेवा, सकाळी मोजा. गॅरेजवाल्याला हे विचारून बघा. त्याच्या चेहऱ्यावरून बरंच कळेल.

शेल बसवताना पाठ आणि रॉडचं भोक कोरडं, निर्मळ; ऑइल फक्त आतल्या तोंडाला. शेलचं टोक भोकाच्या कडेपेक्षा केसभर वर राहतं. ते तसंच हवं, बोल्ट ओढल्यावर त्याच दाबाने शेल घट्ट धरला जातो. ते टोक घासून "लेव्हल" करणारे महाभाग अजून आहेत.

शेल कुठले घ्यायचे? बाहेरच्या कंपन्यांचे मोकळीक जास्त देणारे शेल मिळतात, आणि माझा कौल त्यांनाच. पण डब्यावर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका, तुमच्या पिनवर ते काय देतात ते मोजा. कंपनीचेच नवे शेल लावून वेळेवर ऑइल बदलणारेही सुखाने गाडी चालवतात, फक्त मग घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू झालं एवढं समजायचं. बाजारातले जास्त मजबूत बोल्ट घालायचा मोह असेल तर सांगतो, वेगळ्या बोल्टचा दाब वेगळा, त्याने भोकाचा आकार बदलतो, आणि तो गाडीतल्या गाडीत तपासता येत नाही. इंजिन बाहेर असेल तेव्हाच तो विचार करा. रस्त्यावरच्या गाडीला मूळ बोल्ट पुरे.

मेन बेअरिंगही (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यांवर फिरतो ते) याच वेळी का नको, असं तुम्ही विचारलंय. या इंजिनाला खालून अख्खी बेडप्लेट (क्रँकला खालून धरणारा एकसंध भाग) आहे, ती इंजिन न काढता उघडत नाही, आणि मेन सहसा त्रास देत नाहीत. सोडून द्या. इंजिनाचे माउंट मात्र सुटेच होतात, ते नवे घाला. थ्रॉटल ॲक्च्युएटर हे या गाडीचं दुसरं दुखणं, पण ते वरून होतं, त्याला या कामाशी बांधू नका.

तुमच्या मित्राच्या पोर्श बॉक्स्टरचं प्रकरण पूर्ण वेगळं आहे. तिथे जातं ते इंटरमीडिएट शाफ्टच्या टोकाचं बॉल बेअरिंग, २००८पर्यंतच्या एम-९६, एम-९७ इंजिनांत. ते क्लच काढला की मागून बदलता येतं, मात्र साधारण २००६पासून पुढच्या मोठ्या बेअरिंगला क्रँककेस फोडावी लागते. २००९च्या नव्या इंजिनात पोर्शने तो शाफ्टच काढून टाकला. त्याला म्हणावं क्लच बदलायला काढशील तेव्हा बघून घे, माझ्या या उत्तरावरून रॉड बेअरिंग बदलू नको.

बांधणी झाल्यावर पहिला स्टार्ट. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर थोडा थोडा फिरवायचा, प्रेशरचा दिवा विझेपर्यंत, मग फ्यूज लावून चालू. तुमच्या गाडीत डिपस्टिक नाही, लेव्हल इलेक्ट्रॉनिक आहे आणि ती गरम इंजिनात दाखवते. त्यामुळे पहिल्यांदा ऑइल मोजून भरा, साधारण पावणेनऊ लिटर, आणि नंतर स्क्रीनवर बघा. सबफ्रेम उतरला होता म्हणजे व्हील अलाइनमेंट करावीच लागते, तिचा वेगळा खर्च धरा. हजार किलोमीटरच्या आत ऑइल आणि फिल्टर बदला, आणि तो फिल्टर वर सांगितला तसा उघडून बघा.

पुढे वापरताना दोनच गोष्टी. मीटरमध्ये ऑइलच्या तापमानाचा काटा दिलाय आणि आरपीएमच्या कडेचे दिवे थंड असताना खालपर्यंत पेटलेले असतात, गरम होईल तसे मागे सरकतात, ते मानायचं. दुबईत सकाळीच ४० अंश, मग वॉर्म-अप कशाला, असं इथे पुष्कळजण म्हणतात. ४० अंशांना १०डब्ल्यू-६० ऑइल १०० अंशांपेक्षा जवळपास सातपट जाड असतं. उभं करून तापवायची गरज नाही, चालवतच तापवा, पण काटा ९०च्या पुढे जाईपर्यंत चार हजारांच्या खाली. आणि ऑइल आठ-दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल ते. गाडीचा कॉम्प्युटर त्याच्या दुपटीहून जास्त सांगेल, त्याचं ऐकू नका.

काम देताना गॅरेजवाल्याला आधीच सांगून ठेवा की सोळाही जुने शेल सिलिंडरचा नंबर आणि वरचा-खालचा असं पाठीवर लिहून परत हवेत, सोबत मोजमापांची वही. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता त्यांचे फोटो काढून पाठवा, बघून सांगतो क्रँक कसा आहे ते.